चवथीच्या रात्री घरी कुठला लावायचा, तुंबाड की लपाछपी?

यंदा चवथीला आमच्या फोंड्याच्या जुन्या घरी लहानमोठी धरून सतरा माणसं आहेत, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आरत्या-जेवणं आवरली की मागच्या वसरीत पांढरी चादर टांगून पिक्चर लावायचा असं ठरलंय. थीम पण ठरलीय, जुन्या घरात पुरलेलं गुपित आणि ते वर येणं. चुलतभावाने तुंबाड आणि लपाछपी अशी दोन नावं काढली आणि निर्णय माझ्यावर टाकून मोकळा झाला, कारण असले पिक्चर परत परत बघणारा खानदानात मी एकटाच. तर बाबा, हे घे.

आधी तुंबाड. 2018 चा, राही अनिल बर्वेचा, सोहम शाह हिरो, विनायक नावाचा. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीवरून घेतलंय पण गोष्टीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे काकांना आधीच सांगून ठेव, नाहीतर अर्धा पिक्चर ते खोत कधी येणार म्हणून वाट बघतील. 1918 ते 1947 असा काळ, कोकणातलं सतत पाऊस पडणारं गाव, एक वाडा, त्यात खजिना आणि त्या खजिन्यावर बसलेला हस्तर. हस्तर म्हणजे देवीचा पहिला मुलगा, ज्याने सोनं घेतलं आणि धान्यावरही हात टाकायला गेला म्हणून शाप मिळाला. त्यामुळे तो कायमचा भुकेला, आणि खाली विहिरीत उतरणारा माणूस बरोबर काय नेतो तर पिठाची बाहुली. पिठाचं रिंगण आखायचं, आत बसायचं, बाहुली दाखवायची, तो बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून हाताला लागतील तेवढी नाणी ओढायची आणि दोर धरून वर. बस एवढंच. पण ही कामाची पद्धत इतकी बारकाईने दाखवलीय की थोड्या वेळाने आपणच मनात हिशोब करायला लागतो, अजून एक मूठ जमली असती का. भुतापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली, की आपण विनायकच्या बाजूने विचार करतोय.

आणि गोव्यातल्या माणसाला हा पिक्चर जास्त लागतो असं माझं मत. आपल्याकडे पुरलेल्या धनाच्या हंड्याची गोष्ट नसलेलं जुनं घर दाखव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने देव नदीपलीकडे आणले, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला 1560 मध्ये, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, आणि रातोरात निघालेल्या माणसांनी जे नेता आलं नाही ते पुरलं असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आमच्या विहिरीतही आहे म्हणे. लहानपणी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आम्ही काठावर पालथे पडून तळाला काय चमकतं ते बघायचो, चमकायचा तो बिब्बे काकूंच्या हातून पडलेला स्टीलचा तांब्या. तरी आजोबांनी गाळ काढायला माणूस लावला की स्वतः खुर्ची टाकून तिथेच बसायचे, दुपारचं जेवण सुद्धा विहिरीपाशी मागवायचे. तुंबाड बघताना मला ती खुर्ची आठवते.

अडचणी दोन. एक म्हणजे कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरात सगळे हिंदी बोलतात, हे पहिली वीस मिनिटं कानाला खुपतं, मग सवय होते. दुसरी मोठी, त्याला ए सर्टिफिकेट आहे आणि ते उगाच नाहीये, साखळदंडात बांधलेली आजी आहे जिला जेवण भरवायचं काम एका लहान पोरावर येतं, शिवाय एकदोन सीन असे आहेत की काकांच्या शेजारी बसून उगाच खोकत बसावं लागेल. शाळेतली पोरं झोपल्याशिवाय लावूच नको. आणि आमची पोरं चवथीला कधी झोपलीत?

लपाछपी याच्या बरोबर उलट चालतो. 2017 चा, मराठीच, विशाल फुरियाचा. पूजा सावंत आठ महिन्यांची गरोदर, नवऱ्यामागे पैशांचे तगादे, म्हणून ड्रायव्हरच्या गावी लपायला येतात, उसाच्या मळ्यात मधोमध घर. यात पाऊस नाही, वाडा नाही, अंधार पण फारसा नाही. भर दुपार, पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज आणि कुठून तरी येणारं पोरांचं हसू. धारबांदोड्याकडे जाताना उसाच्या कडेला कधी गाडी थांबवली असशील तर आठव, दोन पावलं आत गेलं की रस्ता दिसेनासा होतो, तसं अख्खा पिक्चरभर.

इथे जे पुरलंय ते सोनं नाही. काय आहे ते सांगत नाही, पण उघड झाल्यावर आश्चर्य कमी आणि लाज जास्त वाटते, कारण असलं आपण पेपरात वाचून पान उलटलेलं असतं. तुंबाडमध्ये गुपित जपतात ते लोभापायी, म्हणजे त्यात थोडी मजा तरी आहे. लपाछपीत तेच गुपित मायेने जपलं जातं, उषा नाईकांची तुळसाबाई वाटीतून काहीतरी खायला देते, डोक्यावरून हात फिरवते आणि प्रत्येक वेळी वाटतं खाऊ नको गं बाई. काही जणांना त्यांचं काम लाऊड वाटेल. मला नाही वाटलं, आणि जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या आमच्या आजीला तर अजिबात वाटणार नाही. भुताचे सीन मात्र थोडे जास्तच वेळा येतात, तिसऱ्यांदा तीच पोरं धावत गेली की भीती कमी होते, तिथे एडिटिंगला कात्री लागायला हवी होती. फुरियानेच 2021 मध्ये हिंदीत छोरी म्हणून परत केला, नुसरत भरुचाला घेऊन, तो दिसायला चकाचक आहे पण मूळच बघ.

म्हणजे निव्वळ पिक्चर म्हणून विचारलंस तर तुंबाड, त्यात वादच नाही, सप्टेंबर 2024 मध्ये परत थिएटरला लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला त्याने. भाषा आणि घरातल्या बायकांना धरून ठेवणं बघितलंस तर लपाछपी. पण आपली ताई सातव्या महिन्यात आहे हे विसरलास का तू? लपाछपी या वर्षी कॅन्सल, डिस्कशन नको. पुढच्या वर्षी.

आता तिसरा पर्याय, कारण पोरांमुळे तुंबाड पण अडकतोय. मणिचित्रताळ, मल्याळम, 1993, ज्याचा पुढे भूलभुलैया झाला. जुनं घर, कुलूप घातलेली खोली, आत तंजावरच्या नर्तकीची गोष्ट कोंडलेली आणि हौसेने कुलूप उघडणारी सून. शोभनाला यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. विनोद भरपूर, पण सबटायटल वाचत बसायला आपल्याकडे तीन माणसं सोडली तर कोण तयार होणार. इंग्लिशमध्ये द चेंजलिंग, 1980 चा, मोठ्या रिकाम्या घरात एकटा राहणारा संगीतकार आणि जिन्यावरून टप्प्या टप्प्याने खाली येणारा एक बॉल, रक्ताचा जवळजवळ थेंब नाही तरी मी दिवा लावून झोपलो होतो. हा एकट्याने बघायचा, सतरा जणांत त्या बॉलवर कोणीतरी जोक मारणारच. डेल तोरोचा द डेव्हिल्स बॅकबोन पण तसाच, अनाथाश्रमाच्या अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतलेला आणि मुलं त्याच्या आजूबाजूला खेळतायत. फार सुंदर, फार उदास, सणाला नको.

राहिला आजीचा वोट. तिला मी मागच्या वर्षी तुंबाडचा ट्रेलर मोबाईलवर दाखवला तर म्हणाली, "हातूंत भिवपाचें कितें आसा?" म्हणजे यात भिण्यासारखं काय आहे, आणि मधुमतीची गोष्ट सांगायला लागली. पावसात रस्ता बंद, इंजिनिअर जुन्या हवेलीत थांबतो आणि त्याला मागचा जन्म आठवतो, 1958, बिमल रॉय, गोष्ट ऋत्विक घटकची, सलील चौधरींची गाणी. पुरलेलं गुपित आहे, खून आहे, खलनायक प्राण आहे. खुनी कबूल व्हावा म्हणून रचलेला सापळा आहे, आणि त्या सापळ्यात नेमकं काय चुकतं ते मला माहीत असून दर वेळी काटा येतो. सात वर्षांच्या पोरालाही चालतो. अडीच तासांच्या वर जातो एवढंच, पण गाण्यांना अर्धं घर बरोबर गाईल.

तर माझा निकाल: नऊला मधुमती सगळ्यांसाठी, मधे नेवऱ्या आणि चहा, आणि बाराला जे जागे राहतील त्यांच्यासाठी तुंबाड, पावणेदोन तासांत संपतो. इन्व्हर्टर चार्ज करून ठेव, मागच्या चवथीला आरतीच्या मधेच लाईट गेलेली. आणि चादर विहिरीकडच्या भिंतीला लावू नको, दुसऱ्या बाजूला लाव, ताईला रात्री तिकडून बाथरूमला जावं लागतं.