गावच्या ओट्यासाठी छोटा मायक्रोवेव्ह: रेट्रो घ्यावा की साधा?

पुदिन्यासारखा हिरवा रंग, गोल कोपरे, दाराला चकचकीत दांडी आणि समोर मोठा नॉब. असा रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीचा, छोटा मायक्रोवेव्ह मोबाईलवर दिसला की मनात भरतो. ज्या खोलीत घरातल्या बाईचा निम्मा दिवस जातो, तिथे एखादी वस्तू छान दिसते म्हणून आणावी, हे कारण मला पुरेसं वाटतं. पण आर्वी, दारव्हा, वरुड अशा तालुक्याच्या ठिकाणाहूनही आत गाव असेल, वारा सुटला की लाईन जात असेल आणि कंपनीचा मेकॅनिक जिल्ह्याहून येत असेल, तर रंगाच्या आधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांना दोन नॉबचा, वीस लिटरचा साधा सोलो, म्हणजे फक्त लहरींनी गरम करणारा, मायक्रोवेव्ह पुरतो आणि तोच टिकतो. रेट्रो जरूर घ्या, पण त्याचा नॉब खरा असेल आणि दुरुस्ती आपल्या जिल्ह्यात होत असेल तरच.

हे जुनं रूप मुळात मायक्रोवेव्हचं नाहीच. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ च्या सुमारास रडारच्या मायक्रोवेव्ह लहरींनी अन्न शिजतं हे ओळखलं. १९४७ साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि तीन क्विंटलहून जड होतं. ओट्यावर मावेल असा घरगुती मायक्रोवेव्ह १९६७ साली आला. आज रेट्रो म्हणून विकलं जाणारं रूप १९५० च्या दशकातल्या फ्रिजवरून आणि रेडिओवरून उचललेलं आहे. आत मात्र लहरी तयार करणारा तोच मॅग्नेट्रॉन, तीच फिरती काचेची ताटली आणि त्याच २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी. त्यामुळे रेट्रो म्हणून अन्न वेगळं गरम होत नाही. सारखी ताकद असेल तर वरणाची वाटी दोन्हीत सारखीच तापते.

खरा फरक नॉबमध्ये आहे, आणि तो फोटोत दिसत नाही.

साध्या स्वस्त मायक्रोवेव्हला दोन नॉब असतात. एक ताकदीचा, दुसरा वेळेचा. वेळेचा नॉब फिरवला की यंत्र सुरू, शून्यावर आला की घंटी वाजून बंद. आत जवळपास सगळं यांत्रिक असतं. बऱ्याच रेट्रो मॉडेलांत मोठा गोल नॉब दिसतो खरा, पण तो आतल्या डिजिटल बोर्डाला फक्त आकडे पुरवतो. शेजारी छोटा दिवेवाला डिस्प्ले असेल तर आत बोर्ड आहे असं समजा. बोर्ड वाईट नसतो. तीस सेकंद म्हणजे अगदी तीस सेकंद लावता येतात, मुलांसाठी लॉक असतो, वेळ संपण्याआधी ताटली काढली तर यंत्र थांबूनच राहतं. पण लाईन गेली की घड्याळ पुसलं जातं आणि लावलेली वेळही जाते. व्होल्टेजचा झटका आला तर पहिला मार बोर्डावर बसतो. शिवाय मागच्या जाळीतून आत शिरणारी झुरळं आणि मुंग्या बोर्डावर मुक्काम करतात. धान्याची पोती शेजारच्या खोलीत असलेल्या घरात हा त्रास शहरापेक्षा जास्त. बोर्ड गेला तर तो त्याच मॉडेलचा लागतो. कमी खपाच्या रेट्रो मॉडेलचा बोर्ड तालुक्याला मिळत नाही, मागवावा लागतो. यांत्रिक टायमर मात्र पुष्कळ मॉडेलांना सारखे असतात आणि दुरुस्तीवाल्याकडे सापडतात.

यांत्रिक नॉबला दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. दोन मिनिटांहून कमी वेळ लावायची असेल तर नॉब आधी पुढे नेऊन मग मागे आणायचा, नाहीतर वेळ नीट बसत नाही. आणि अन्न लवकर काढलं तर नॉब हातानं शून्यावर न्यायचा. तसं केलं नाही आणि दार लावलं, तर यंत्र रिकामंच पुन्हा सुरू होतं. रिकामं चालणं मॅग्नेट्रॉनला घातक. लाईन गेली तेव्हाही तेच करा, कारण लाईन आली की बहुतेक यांत्रिक मायक्रोवेव्ह उरलेली वेळ आपोआप पूर्ण करतात, तुम्ही अंगणात असा की वावरात. या दोन सवयी घरातल्या आजींनाही पटकन जमतात. डिजिटल पॅनेलवरची बारीक अक्षरं वाचण्यापेक्षा नक्कीच लवकर.

आता वीज, आणि माझ्या मते याच गोष्टीवर सगळ्यात जास्त विचार व्हायला हवा.

खोक्यावर ७०० वॅट लिहिलेलं असतं ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून यंत्र ओढतं साधारण ११०० ते १२०० वॅट, म्हणजे पाच अँपियरच्या आसपास. म्हणून छोट्या सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्ड लावून चालवू नये. जाड पिनांचं १६ अँपियरचं सॉकेट, त्याला योग्य जाडीची वायर आणि खरी अर्थिंग असावी. खरी म्हणतो, कारण गावच्या पुष्कळ घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागची तार कुठेच जात नाही. वायरमनला टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी ओतत राहा.

व्होल्टेज उतरलं की मायक्रोवेव्हची ताकदही उतरते आणि नेहमीच्या दोन मिनिटांत भाजी कोमटच राहते. तुमचं घर गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या वेगळ्या लाईनवर, असेल तर हा त्रास कमी. वावरातल्या घराला शेतीच्या लाईनवरून वीज येत असेल, रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू होत असतील, डीपी वारंवार जळत असेल, तर कुठलाही मायक्रोवेव्ह घेण्याआधी पुन्हा विचार करा. फ्रिजचा स्टॅबिलायझर त्याला पुरत नाही. लागतो तो दोन केव्हीएच्या आसपासचा, आणि त्याची किंमत मायक्रोवेव्हच्या किंमतीत धरूनच हिशेब मांडायला हवा. पंखे-लाईटसाठी बसवलेल्या आठशे-नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर बसवलेलं ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेलं, सोलरही लाईन गेली की बंद होतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणून गॅस किंवा चूल राहणारच.

विजेच्या बिलाची भीती मात्र नको. तीन मिनिटं वाटी गरम करायला ०.०६ युनिट लागतं. मायक्रोवेव्ह महाग पडतो तो पाणी उकळायला. एक लिटर पाण्याला सात-आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, गॅसवर ते काम आधी होतं. चहाही गॅसवरच ठेवा.

आकाराबद्दल थोडक्यात. लहान म्हणून १७ लिटरचा घ्यायचा मोह होतो. बजाज, मॉर्फी रिचर्ड्स असे ओळखीचे ब्रँड १७ ते २० लिटरच्या पट्ट्यात दोन नॉबचे सोलो मायक्रोवेव्ह विकतात. दोघांच्या घराला १७ लिटर चालतो. चार-पाच माणसांच्या घरात २० लिटर घ्या, कारण त्याची ताटली साधारण २५ सेंटिमीटरची असते आणि त्यावर मोठा काचेचा वाडगा अडखळत नाही. रेट्रो मॉडेल बाहेरून गोलसर, फुगीर असतात आणि दांडी पुढे येते, म्हणून तितक्याच लिटरला जागा थोडी जास्त खातात. दोन फुटांच्या ओट्यावर मागे आणि वर हवेसाठी मोकळी जागा सोडून तो बसतो का, हे सुतळीनं मोजा. शेगडीच्या शेजारी ठेवू नका, फोडणीचा धूर जाळीत बसतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात ही मोकळी जागा आणखीच महत्त्वाची, नाहीतर यंत्र तापून मध्येच थांबतं. दुकानात दार ओढून पाहायला विसरू नका. हलकं यंत्र दांडीसोबत पुढे सरकत असेल तर रोज त्रास होईल.

आतला भाग टॉर्च लावून बघा. बहुतेक सोलो मायक्रोवेव्हला आतून रंग असतो, काहींना सिरॅमिकचा लेप असतो. आपल्याकडे तर्री म्हणजे तेल, तिखट आणि हळद. ते उडून भिंतीवर बसलं आणि तसंच तापत राहिलं की रंग करपतो, सुटतो, आणि उघड्या पत्र्यावर ठिणग्या उडतात. सिरॅमिकच्या लेपावरून हळद लवकर निघते, म्हणून त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला मी तयार असतो. बाहेरच्या पुदिना रंगापेक्षा हा आतला लेप जास्त वर्षं कामाला येतो. उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा चौकोन असतो. तो काढून फेकू नका. करपला तर बदलून मिळतो आणि स्वस्त असतो.

मग यात करायचं काय? शिळी भाजी, वरण, कढी, भात गरम करणं हे पहिलं काम, आणि तेवढ्यासाठीही तो उपयोगी आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत पुन्हा शेगडी पेटवावी लागत नाही, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आलू उकडतात, पापड तेलाशिवाय भाजले जातात, पावसाळ्यात ओलसर झालेला चिवडा पुन्हा कुरकुरीत होतो. पाटवडीचं पीठही काचेच्या भांड्यात, मध्ये मध्ये ढवळून, गुठळ्या न होता शिजवता येतं. ज्वारीची भाकर मात्र जपून. पाण्याचा हात लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून वीस-तीस सेकंदच, त्याहून जास्त झालं की चिवट. वांग्याला निखाऱ्याचा वास इथे येणार नाही. रोडगे आणि बट्टी सोलोमध्ये होतच नाहीत, त्यासाठी गोवऱ्याच बऱ्या, किंवा मग वेगळा ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी.

भांड्यांचा खर्च लोक धरत नाहीत. आपल्या घरात गंज, कढई, डबे, ताटं सगळं स्टीलचं नाहीतर जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. यातलं काहीच आत चालत नाही. झाकणासकट दोन काचेचे वाडगे आणि चिनी मातीच्या दोन बशा आधी घ्या. मेलामाईनची ताटं, काठाला सोनेरी पट्टी असलेले कप आणि सालीसकट अंडी आत ठेवू नका.

ग्रिल किंवा कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेनं भाजणारा, घ्यावा का, असंही विचारलं जातं. केक, नानकटाई नियमित करणारं कोणी घरात असेल आणि व्होल्टेज पक्कं असेल तरच. कन्व्हेक्शन दोन हजार वॅटच्याही पुढे जातो, यंत्र मोठं होतं, आणि पुष्कळ घरांत वर्षभरानंतर तो फक्त दूध गरम करतो.

किंमतीचं म्हणाल तर साधा सोलो पाच ते आठ हजारांत येतो. रेट्रो रूपासाठी त्यावर जे पैसे द्याल ते रूपाचेच, यंत्राचे नाहीत. आवड असेल तर देण्यात काही गैर नाही. मात्र ते पैसे स्टॅबिलायझर, सॉकेट आणि काचेच्या भांड्यांतून काढू नका. वस्तू ऑनलाईन मागवत असाल तर आधी कंपनीला फोन करून तुमच्या पिनकोडवर घरी येऊन सेवा मिळते का ते विचारा, आणि मगच पैसे भरा. यंत्रावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

एक इशारा खास त्यांच्यासाठी, ज्यांचे नातेवाईक परदेशात आहेत. अमेरिकेत रेट्रो मायक्रोवेव्ह स्वस्त मिळतात आणि कोणीतरी प्रेमानं आणतो म्हणतो. त्यांना आत्ताच नको सांगा. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. कन्व्हर्टर लावून व्होल्ट जुळवता येतात, हर्ट्झ जुळत नाहीत. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर तापून जळू शकतो. इंग्लंडचा मायक्रोवेव्ह विजेच्या दृष्टीनं चालतो, फक्त पिन बदलावी लागते, पण वॉरंटी आणि सुटे भाग इथे मिळत नाहीत.

घरी आई-वडील दोघंच असतील आणि मुलं पुण्याला किंवा नागपूरला, तर मी डोळे मिटून दोन नॉबचा साधा घ्यायला सांगेन. ताकदीचा नॉब एका जागी ठेवून तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे त्यांना फक्त वेळेचा नॉब फिरवायचा राहतो. घरात नवीन सून आली आहे, ओटा नुकताच बांधला आहे, अर्थिंग पक्की आहे, गावठाणची लाईन आहे आणि तिला तो पुदिना रंग मनापासून आवडला आहे, तर रेट्रो घ्या. दुकानात फक्त एवढं करा: प्लग लावून यंत्र चालू करायला सांगा, आत पाण्याचा पेला ठेवा, मध्येच प्लग काढा आणि पुन्हा लावा. यंत्र पुढे काय करतं ते पाहिलं की नॉबच्या मागे बोर्ड आहे की टायमर, हे दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही.