वावरातल्या पेटीचा नवा नँड ड्रायव्हर: सात महिन्यांनंतर

वरुड तालुक्यात आमच्या संत्र्याच्या बागेत विहिरीजवळ एक पेटी बसवली आहे. आत लिनक्सचा छोटा बोर्ड आणि 256 मेगाबाइटचा नँड फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी मेमरी. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि जमिनीतल्या ओलाव्याची नोंद ठेवायची, एवढंच तिचं काम. बोर्डासोबत आलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) मी नोव्हेंबरात काढला आणि फ्लॅश कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे फ्लॅश हाताळणाऱ्या चिपशी बोलणारा कोड, नव्याने लिहिलेला कर्नल टाकला. आता जून लागलाय.

आधी लाइन गेली-आली की महिन्यातून एखादवेळी नोंदी लिहिणंच बंद व्हायचं, आणि पेटी सुरू दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं नाही. मागच्या साली ऐन आंबिया बहाराच्या ताणात (फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी बंद ठेवतात तेव्हा) अठरा दिवसांच्या नोंदी गेल्या. बाबा म्हणाले, "काऊन रे, जमीन किती सुकली ते आता कोण सांगन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सगळा दोष विजेवर टाकत होतो.

मग जुना कोड वाचायला बसलो. कंट्रोलरच्या उत्तराची ठरावीक वेळ वाट पाहणारं कर्नलचं फंक्शन मुदत संपली की शून्य देतं, ऋण आकडा कधीच देत नाही. इथे मात्र उत्तर ऋण आहे का, एवढंच तपासलं होतं! म्हणजे कंट्रोलर अडकला तरी ड्रायव्हर काम झालं असंच वर कळवायचा. पान (फ्लॅशवर एका वेळी लिहिला जाणारा तुकडा) लिहिलंच गेलं नाही, हे यूबीआयला, म्हणजे फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाला, कळणार कसं?

नव्या ड्रायव्हरमध्ये मुदत संपली की कंट्रोलर रीसेट होतो आणि चूक वर कळवली जाते. मग यूबीआय तो मजकूर दुसऱ्या ब्लॉकवर (अनेक पानांच्या गटावर) हलवतं आणि संशयित ब्लॉक तपासून गरज पडली तर बाद करतं. सात महिन्यांत असा एक ब्लॉक बाद झाला, नोंद एकही गेली नाही.

उन्हाळ्याची मला जास्त धास्ती होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याची पेटी तर त्याहून तापते, आणि त्यात फ्लॅशमधले बिट उलटतील अशी भीती होती. पुसलेल्या पानात सगळे बिट 1 असतात. त्यातला एखादा 0 झाला की बऱ्याच कंट्रोलरांचं ईसीसी (चुकलेले बिट ओळखून दुरुस्त करणारी सोय) ते पान दुरुस्तीपलीकडचं ठरवतं. नवा ड्रायव्हर आधी शून्यं मोजतो आणि ती ईसीसीच्या आवाक्यात असली तर पान कोरंच धरतो.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती नव्या ड्रायव्हरच्या कोडमधली टिपणं. प्रत्येक फंक्शनवर लिहिलंय: लॉक कोणी धरायचा, वेळ मिलिसेकंदात की मायक्रोसेकंदात, कोणती चूक कधी परत येते. रात्री वावरात टॉर्च धरून लॉग वाचताना याची किंमत कळते.

एक तक्रार आहे. बूटलोडर (बोर्ड सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) आणि कर्नल यांची ईसीसीची मांडणी जुळलीच पाहिजे, हे कुठेच ठळक लिहिलेलं नाही. माझा बोर्ड पहिल्यांदा उठलाच नाही, दोन दिवस गेले. आणि अशा वेळी वैतागून यू-बूट या बूटलोडरची 'नँड स्क्रब' ही फ्लॅश पुसणारी आज्ञा चालवू नका. कारखान्यातून आलेल्या खराब ब्लॉकांच्या खुणाही तिने पुसल्या जातात आणि त्या परत मिळत नाहीत.

यंदा जानेवारीत बाबांनी ओलाव्याचा आलेख पाहूनच ताण तोडला, म्हणजे पाणी पुन्हा सुरू केलं. बाजूच्या वावरातल्या काकांकडेही असाच बोर्ड आहे, पुढच्या आठवड्यात तिथे हाच कर्नल टाकतोय. बूटलोडर आधी बदलेन.