अमेरिकी शेअर्सचं अ‍ॅप: दलाली शून्य, पाठवणी महाग

अमेरिकेतले शेअर्स आणि ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) घ्यायला हे अ‍ॅप मी २०२३ पासून वापरते. घरात दोन खाती आहेत, एक माझं, एक यांचं. माझं मत आधीच सांगते. कराच्या कागदपत्रांसाठी अ‍ॅप उत्तम आहे, पण दर महिन्याला थोडे थोडे पैसे पाठवायचा विचार असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

जाहिरातीतली शून्य दलाली खरी आहे. पैसे जातात ते रुपयाचा डॉलर होताना, आणि ते कळतं बँकेच्या डेबिट अ‍ॅडव्हाइसवर, म्हणजे खात्यातून किती पैसे कापले त्याच्या पावतीवर. आमची बँक दर पाठवणीला १,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते. डॉलरचा दर बाजारापेक्षा साधारण सव्वा टक्का चढा लावते. चलन बदलण्याचा जीएसटी वेगळाच. २०,००० रुपये पाठवले तर १,१८० अधिक २५० अधिक ४५, म्हणजे १,४७५ रुपये गेले. सात टक्क्यांहून जास्त! तेच २ लाख एकदम पाठवले की ३,९५० रुपये, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. अ‍ॅपवर पैसे भरताना यातलं काहीही दिसत नाही, दिसतो तो फक्त बाजाराचा दर. ग्राहकाला हा आकडा आधी दाखवायलाच हवा, आणि याच कारणासाठी मी एक तारा कापलाय.

म्हणून आम्ही मोठी रक्कम एकदम पाठवतो. मात्र आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती). विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. मर्यादा माणशी आहे, आणि मुलांच्या परदेशातल्या फीचे पैसे तुमच्या नावाने गेले असतील तर तेही त्यातच मोजले जातात. आणखी एक, नवऱ्याने स्वतःचे पैसे बायकोच्या नावाने गुंतवले तर उत्पन्न नवऱ्याचंच धरलं जातं. आमच्याकडे ज्याचे पैसे त्याच्याच खात्यातून जातात.

आता चांगली बाजू. खातं उघडतानाच अ‍ॅप डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा) भरून घेतं, त्यामुळे लाभांशावर अमेरिकेत ३० ऐवजी २५ टक्के कर कापला जातो. १०० डॉलर लाभांश असेल तर हातात ७५ येतात, पण इथे उत्पन्न पूर्ण १०० दाखवायचं आणि कापलेल्या २५ डॉलरची इथल्या करातून वजावट फॉर्म ६७ भरून मागायची. त्यासाठी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो दर, लागतो. अ‍ॅपच्या अहवालात प्रत्येक लाभांशासमोर तो दर छापलेला असतो. शेड्यूल एफएचंही (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) तसंच. ते आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं, आणि त्यात वर्षातली सर्वाधिक किंमत, अखेरची किंमत असे रकाने असतात. अहवालातले आकडे जसेच्या तसे उतरवता येतात. आमच्या सीएंनी तपासले, एकही बदलावा लागला नाही. ही माहिती लपवली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे, तेव्हा या अहवालाचं मोल मोठं आहे.

शेअर विकून नफा झाला तर अमेरिका कर घेत नाही. इथे २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, त्याआधी आपल्या स्लॅबप्रमाणे.

एका गोष्टीबद्दल अ‍ॅप अवाक्षर काढत नाही, ती म्हणजे अमेरिकेचा वारसा कर. आपल्यासारख्या परदेशी माणसाच्या नावावर ६०,००० डॉलरपेक्षा जास्त अमेरिकी शेअर्स असताना त्याचं निधन झालं, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ लंडनच्या बाजारात मिळतात, ते या करातून सुटतात. ब्रिटिश कंपन्यांच्या खरेदीवर लंडनमध्ये लागणारं अर्धा टक्का मुद्रांक शुल्कही त्यांना नाही. पण या अ‍ॅपवर फक्त अमेरिकी बाजार आहे. लंडन सुरू करा, असं मी कंपनीला लेखी कळवलंय. तोवर दोन्ही खाती ६०,००० डॉलरच्या आतच ठेवणार आहोत.

पाचपैकी साडेतीन तारे.