मुरूम म्हणून माझाच मलबा मला विकला

चोपडा तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं नऊ खणांचं धाब्याचं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत असलेलं, घर होतं. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की पाडायचं आणि पावसाआधी नवीन जोतं भरायचं, असं ठरलं. एक ठेकेदार दारात आला. "पाडायचे पैसे नकोत, उलट मीच चाळीस हजार देतो. लाकूड माझं, मलबा उचलून जागा कोरी करून देतो." खर्चाच्या धास्तीत असलेला मी लगेच हो म्हणालो. साधी चिठ्ठीही केली नाही.

धाबं वरून उतरवतात. आधी छतावरची खारी माती खाली ढकलायची, मग कड्या, खांब मोकळे करायचे. म्हणजे त्याचा माल आधी निघतो आणि माझं काम शेवटी उरतं. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही! पाचव्या दिवशी सागाचं शेवटचं लाकूड ट्रॅक्टरवर चढलं, सहाव्या दिवशी फोन बंद. सुतार म्हणाला, चाळीस हजारांत नुसते खांबसुद्धा आले नसते. शेजारच्या काकूंनी अहिराणीत निकाल दिला, "सोनं लई गया, माती सोडी गया."

अंगणात तीस ब्रास माती-विटांचा ढीग. आठवड्याने फोन लागला, तर म्हणे ट्रॉलीमागे सातशे द्या. दिले. त्यातल्या चार ट्रॉल्या त्याने नाल्यात ओतल्या आणि जाब मला विचारला गेला, कारण तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या केंद्राच्या नियमांत मलब्याची जबाबदारी आधी ज्याच्या कामातून तो निघाला त्याच्यावरच येत होती. उरलेली पांढरी माती गावातल्या शेतकऱ्यांनी खत म्हणून आपणहून, फुकट नेली. हे आधी विचारलं असतं तर!

पुढे जोत्यासाठी दुसऱ्याकडून मुरूम मागवला. सातवी ट्रॉली माझ्यासमोर उलटली. वर चार बोटं मुरूम, खाली मातीची ढेकळं, कुजक्या लाकडाचे तुकडे आणि नीळ घातलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा. आमच्या भिंतीतल्या देवळीचा. विटांचे स्वच्छ रोडे थराथराने पाणी मारून धुमसाने चोपले तर भरावाला चालतात, पण असली माती पुढे खचते आणि लाकडाला वाळवी लागते.

घर पाडायला देणार असाल तर कागदावर लिहून घ्या: मलब्याची शेवटची ट्रॉली निघाल्याशिवाय लाकूड हलणार नाही, आणि मलबा कुठे टाकणार तेही. मुरमाची ट्रॉली उलटून पाहिल्यावरच पैसे द्या. माझी सातवी ट्रॉली परत गेली. आधीच्या सहा जोत्यात आहेत, वर फरशी बसली आहे.