सही 3 कोटींवर, हातात 2 कोटी 40 लाख

ज्याला पैसे द्यायचे, त्याच्याच गोटातून ‘कर्जाची सोय करून देतो’ असं कानावर आलं, तर सही करण्याआधी कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाचा हिशेब वाचा. त्यासाठीच हे लिहितोय.

ही फ्रान्सची वसाहत. गुलामांनी फ्रेंचांना हरवून 1 जानेवारी 1804 रोजी हा देश स्वतंत्र केला. जुलै 1825 मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याचा दूत हुकूम घेऊन राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला आला, सोबत तोफांनी भरलेल्या युद्धनौका. जुन्या मालकांना पाच वर्षांत 15 कोटी फ्रँक भरपाई द्या, फ्रेंच जहाजांना निम्मी जकात लावा, मग स्वातंत्र्य मान्य करू! मालकांच्या या ‘नुकसानी’त हातचे गेलेले गुलामही धरले होते. म्हणजे सुटलेल्या माणसांकडूनच त्यांची किंमत वसूल करायची. हैतीचे राष्ट्राध्यक्ष बॉयर यांनी मान तुकवली.

पहिला हप्ता 3 कोटींचा. तिजोरीत एवढे कुठून असणार? पॅरिसच्या सावकारी पेढ्यांनी 3 कोटींचं कर्ज दिलं, पण 60 लाख आधीच कापून घेतले. हातात आले 2 कोटी 40 लाख, व्याज मात्र पूर्ण 3 कोटींवर. आपल्याकडे खासगी सावकार पहिलं व्याज कापूनच नोटा मोजतो ना, अगदी तसंच. हे पैसे पॅरिसमधून निघून पॅरिसमध्येच जिरले. हैतीत त्यातून ना रस्ता झाला, ना शाळा. हप्त्याचं उरलेलं तिजोरी खरवडून भरलं. 1838 मध्ये भरपाई 9 कोटींवर आणली, तरी फेड चालूच राहिली, मुख्यतः कॉफीवरच्या करातून. कॉफी पिकवणारा तो डोंगरातला शेतकरी.

1880 मध्ये ‘राष्ट्रीय बँक’ निघाली, तीही पॅरिसच्या भांडवलाची. सरकारने स्वतःचे पैसे भरले तरी दलाली, काढले तरी दलाली. डिसेंबर 1914 मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी तिथून 5 लाख डॉलरचं सोनं न्यूयॉर्कला नेलं. पुढच्या वर्षी फौज उतरली, ती 1934 पर्यंत हलली नाही. 1922 मध्ये न्यूयॉर्कचं नवं कर्ज गळ्यात मारलं.

पुढे हुकूमशहा दुव्हालिए बापलेकांनीही देश लुटला, हे खरंच. पण त्यांच्या आधीचं हे खातं कोणी उघडतच नाही, याची मला चीड येते. राष्ट्राध्यक्ष आरिस्टीड यांनी 2003 मध्ये ते उघडलं, फ्रान्सकडे 21 अब्ज डॉलरहून जास्त परत मागितले. फेब्रुवारी 2004 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. नंतर आलेल्या सरकारने मागणीच मागे घेतली.