पंखा बंद करून ऐकायची एलपी: ज्यूली लंडनची ‘ज्यूली इज हर नेम’, आठ महिन्यांनंतर

ज्यूली लंडन ही अमेरिकन गायिका आणि अभिनेत्री. तिची ही एलपी, म्हणजे प्लेअरवर सुईने वाजवायची मोठी तबकडी, मार्चमध्ये घेतली, आता नोव्हेंबर चालू आहे. आठवड्यातून दोनदा तरी लावली जाते, म्हणजे साठ-सत्तर वेळा सुई फिरून झाली असेल. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसलो असतो तर भारावून पाच तारे दिले असते आणि निम्म्या गोष्टी लिहायच्या राहिल्या असत्या.

आधी वस्तूबद्दल. 1955 ची मूळ मोनो (म्हणजे एकाच चॅनलचा आवाज असलेली) एलपी, लिबर्टी कंपनीची. माझ्याकडे आहे ते अलीकडचं पुनर्मुद्रण. दोन्ही बाजू मिळून तेरा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास कारभार आटोपतो. पैशाच्या हिशेबाने बघणाऱ्याला हे महाग वाटेल, आणि मला वाटलंच. त्यातून पहिली प्रत आली ती वाकलेली. प्लेअरवर ठेवली की सुई होडीसारखी वरखाली. विक्रेत्याने बदलून दिली, पण तीन आठवडे आणि सात ईमेल खर्ची पडले.

दुसरी प्रत सपाट होती. पहिल्या रात्री लावली तेव्हा बाबा आतून ओरडले, “अरे, आवाज वाढव की, ही बाई बोलतेय का गातेय?” वाढवला. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा आड येतोय. बंद केला आणि बाई खोलीत येऊन बसली. एप्रिल-मे मी घामाघूम होऊन ही एलपी ऐकली आहे, हे या परीक्षणात नोंदवणं भाग आहे.

याचं कारण ध्वनिमुद्रणातच आहे. साथीला फक्त दोन माणसं: गिटारवर बार्नी केसल आणि बास या खर्जातल्या तंतुवाद्यावर रे लेदरवुड. ड्रम नाहीत, पियानो नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. आणि आवाज? आपला आवाज अंगुस्तानाभरच (शिवताना बोटात घालायच्या टोपीएवढाच) आहे, म्हणून मायक्रोफोनला चिकटून गावं लागतं, असं तिनेच एका मुलाखतीत सांगून ठेवलं होतं. माइकच्या इतक्या जवळ गेलं की खर्ज आपोआप भरतो, श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचाही आवाज येतो. बाबांचं मत अजून बदललेलं नाही. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे संगीत नाटक, शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचलेला आवाज. ही बाई मुळात शेवटच्या रांगेसाठी गातच नाही. ती हातभर अंतरावरच्या एका माणसासाठी गाते. ते अंतर आपणच जाऊन गाठायचं.

म्हणून ही पार्श्वभूमीला लावायची एलपी नाही. स्वयंपाक करताना, पाहुणे असताना, मिक्सर चालू असताना लावून पाहिली, फुकट गेली. रात्री अकरानंतर, सोसायटीतल्या गाड्या थांबल्या की मगच.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ‘क्राय मी अ रिव्हर’. लोक ही एलपी घेतात ती याच्यासाठी; मीही. गीतकार आर्थर हॅमिल्टनने ते खरं तर जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डसाठी, एका चित्रपटात घालायला लिहिलं होतं आणि तिथून ते गळलं. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॅक वेब म्हणजे ज्यूलीचा पहिला नवरा. घटस्फोट झालेला होता. नवऱ्याच्या चित्रपटातून गळलेलं, सोडून गेलेल्याला सुनावणारं गाणं त्याच्याच आधीच्या बायकोने गायलं आणि ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत 9 व्या क्रमांकापर्यंत गेलं. सुनावते म्हणजे कशी, तर आवाज जराही न चढवता. भांडणात जो हळू बोलतो त्याचीच जास्त भीती वाटते, तसं.

एक तांत्रिक बाब. तबकडीच्या बाहेरच्या कडेला आवाज सगळ्यात चांगला येतो, मध्याकडे जाता जाता सुईला तेवढ्याच वेळात कमी लांबीची खाच मिळते आणि ‘स’ फाटायला लागतो. पहिलं गाणं बाहेरच्या कडेला आहे हे नशीब. दुसऱ्या बाजूला शेवटाकडे ‘लॉरा’ येईपर्यंत माझ्या प्लेअरवर प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत होता. एलपीला दोन महिने शिव्या घातल्या. मग सुईचा दाब मोजला तर दीड ग्रॅम. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दोन लिहिलेले. दोनवर आणला, शिट्टी बरीचशी गेली. एरवीच्या गजबजाटात असले दोष लपतात. इथे लपायला जागाच नाही: धुळीचा एक कण म्हणजे फटाका. पावसाळ्यात कव्हरच्या आतल्या कागदाला बुरशीचा वास यायला लागला, तो बदलून प्लास्टिकचा घातला. मोनो एलपी स्टिरिओ सुईवर वाजवताना दोन्ही चॅनल एकत्र केले तर खरखर कमी होते. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण नाही, पन्नास-साठ रुपयांच्या जोडवायरींनी काम भागलं.

ऐकता ऐकता बाईंचा मागोवा घेतला, आणि कारकीर्द भलतीच वाकडीतिकडी निघाली. जन्म 1926 चा, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाचा, खरं नाव गेल पेक. आईवडील दोघंही रंगमंचावर नाचगाणी करणारे. पोरगी हॉलिवूडमधल्या एका कपड्यांच्या दुकानात लिफ्ट चालवायची. तिथे सू कॅरल या एजंटबाईंनी हेरलं. म्हणजे आधी सिनेमा, गाणं दहा वर्षांनी. चाळिशीच्या दशकातल्या त्या भूमिका मी दोन-तीन पाहिल्या, त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 1958 च्या ‘मॅन ऑफ द वेस्ट’मध्ये मात्र गॅरी कूपरसमोर ती उभी राहते तेव्हा डोळ्यांतच सगळं आहे. आवाजाच्या बाबतीतली काटकसर तिथेही.

या एलपीमागे उभा असलेला बॉबी ट्रूप हा ‘रूट 66’ हे गाणं लिहिणारा गीतकार-पियानोवादक. हिने गावं म्हणून मागे लागणारा तोच, आणि 1959 च्या शेवटच्या दिवशी लग्न केलं तेही त्याच्याशीच. आता गंमत बघा: 1972 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘इमर्जन्सी!’ ही मालिका आली, त्यात ही झाली परिचारिका डिक्सी मॅकॉल, ट्रूप झाला डॉक्टर, आणि दोघांना घेणारा निर्माता कोण, तर जॅक वेब! आपल्याकडच्या मालिकावाल्यांनाही हे कथानक जरा जास्तच वाटेल. तिकडच्या एका पिढीला ती गायिका म्हणून माहीतच नाही, पांढऱ्या टोपीतली नर्स म्हणूनच आठवते.

तिने तीसेक अल्बम केले. या एलपीनंतर मी स्ट्रीमिंगवर बरेच ऐकून पाहिले. मागे मोठा वाद्यवृंद आला की माझा रस कमी होतो; अंगुस्तानातलं पाणी बादलीत ओतल्यासारखं वाटतं. 1956 चा ‘लोन्ली गर्ल’ जरूर ऐका, त्यात अल व्हायोलाच्या गिटारशिवाय काहीच नाही. 1969 मध्ये तरुण पोरांची पॉप गाणी गाऊन केलेला शेवटचा लिबर्टी अल्बम मी अर्ध्यात बंद केला. काहींना तो गमतीदार वाटतो म्हणे. वाटो.

तक्रारी उरल्यात त्या अशा. केसलच्या गिटारला कुठे कुठे आवाजाच्या पुढे यायची घाई आहे. दुसऱ्या बाजूची दोन गाणी इतकी सारखी वाटतात की अजूनही कोणतं चाललंय ते कव्हर बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कव्हरवर ज्यूलीचा उघड्या खांद्यांचा मोठा फोटो, आणि मागच्या बाजूची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही भिंग घ्यावं लागतं.

घ्यावी का? घरात लहान मूल असेल, रस्त्याकडेचा फ्लॅट असेल, प्लेअरची सुई सुमार असेल तर थांबा, आधी फुकटात ऐका. बाकीच्यांनी घ्या, पण पार्सल आल्या आल्या तबकडी सपाट जागेवर ठेवून बघा. मी याच नावाचा दुसरा भाग मागवलाय, 1958 चा, त्यात गिटारवर हॉवर्ड रॉबर्ट्स आहे. थंडी सुरू झाली आहे, पंख्याचा प्रश्न फेब्रुवारीपर्यंत मिटला.