मिनेसोटातल्या जुन्या घराला नवीन खिडक्या: कोटेशनपासून पहिल्या थंडीपर्यंतचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. काम छान झालंय, कंपनी छोटी आणि लोकल आहे, मी पाचपैकी साडेचार देईन. पण आम्ही सगळ्या खिडक्या एकदम बदलल्या नाहीत आणि मला वाटतं तेच सगळ्यात बरोबर झालं. इकडे जुनं घर घेतलेली आपली मराठी मंडळी दर हिवाळ्यात ग्रुपवर विचारतात की विंडोजना किती खर्च येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

घर ब्लूमिंग्टनला, १९६२ चं, स्प्लिट लेव्हल, एकूण ११ खिडक्या. लाकडी फ्रेम, सिंगल काच, बाहेरून ॲल्युमिनियमची स्टॉर्म विंडो (थंडी-वारा अडवायला लावलेली जादा खिडकी). बाहेर उणे १५-२० फॅरनहाइट झालं (म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २६ ते २९) की उत्तरेकडच्या दोन बेडरूममध्ये काचेच्या खालच्या कडेला आतून बर्फ धरायचा, दुपारी तो वितळून पाणी सिलवर (खिडकीखालच्या आडव्या फळीवर) उतरायचं आणि लाकूड काळं पडून मऊ झालं होतं, नखाने दाबलं तरी आत जायचं. सासूबाई नाशिकहून आल्या की त्याच खोलीत झोपतात, त्या अंगावर दोन रजया घेऊन वर खिडकीला चादर लावायच्या.

पहिलं कोटेशन एका मोठ्या कंपनीकडून घेतलं. सेल्समन डायनिंग टेबलवर अडीच तास बसला, काचेचा सॅम्पल, हीट लॅम्प, सगळं दाखवलं आणि ११ खिडक्यांचे २९ हजार डॉलर सांगितले. आम्ही गप्प बसलो तर म्हणे आजच सही केली तर २० टक्के ऑफ, उद्या ही किंमत नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, कारण नवीन देशात नवीन घर घेतलेला माणूस यात सहज अडकतो. कुणी घरी बसवून सही करून घेतलीच असेल तर फेडरल नियमानुसार अशा विक्रीत साधारणपणे तीन बिझनेस दिवसांत करार रद्द करता येतो, हे लक्षात ठेवा.

त्या रात्री नवरा आणि मी गॅसचं बिल घेऊन बसलो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा की घर गरम आणि थंड ठेवायला जी ऊर्जा लागते तिच्यातली २५ ते ३० टक्के खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेपायी जाते. आमचं हिवाळ्यातलं बिल महिन्याला १९० डॉलरच्या आसपास, त्याचे ३० टक्के म्हणजे ५७, थंडीचे पाच महिने धरले तर वर्षाला तीनशेच्याही आत. आणि हे कधी, तर खिडकीतून काहीच उष्णता जात नाही असं धरलं तर, जे शक्यच नाही. २९ हजार भागिले ३०० करा, जवळजवळ ९७ वर्षं. त्यामुळे "बिलात पैसे वसूल होतील" हे वाक्य गॅस हीटिंगच्या घरात कुणी बोललं तर ऐकूच नका. खिडकी बदलायची ती सडलेलं लाकूड, आत येणारा वारा आणि खोलीत नीट बसता-झोपता येणं यासाठी, आणि मग प्रश्न असा होतो की कुठल्या खिडक्यांना खरंच गरज आहे.

ते शोधायला आम्ही होम एनर्जी स्क्वॉडला बोलावलं (घर तपासून ऊर्जा कुठे वाया जाते ते सांगणारी सेवा, एक्सेल एनर्जी आणि सेंटरपॉइंट या वीज-गॅस कंपन्यांतर्फे असते), ब्लोअर डोअर टेस्ट केली (दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात, मग फटींतून वारा आत येतो), आणि पंखा चालू असताना मी उदबत्ती घेऊन प्रत्येक खिडकीच्या कडेने फिरले. उत्तरेच्या दोन आणि पश्चिमेच्या दोन खिडक्यांपाशी धूर सरळ आडवा झाला. दक्षिणेकडे जवळजवळ काहीच नाही. सगळ्यात जास्त वारा तर अॅटिकच्या झाकणातून येत होता, ते वेदरस्ट्रिपिंग (फट बंद करणारी पट्टी) लावून थोडक्यात बंद झालं. हे आधी करा, प्लीज, खिडकीवाल्याला फोन करायच्या आधी.

मग आली ती दोन भावांची छोटी कंपनी, ज्यांचा हा रिव्ह्यू. यांचं मला सगळ्यात आवडलं ते कोटेशन. प्रत्येक खिडकीची वेगळी ओळ, पुढे मटेरियल, काच, इन्सर्ट की फुल-फ्रेम, खाली परमिट आणि जुन्याची विल्हेवाट वेगळी, आणि सिल सडलेलं निघालं तर एका खिडकीला किती जादा घेणार हेही आधीच लिहिलेलं. अशी ओळवार यादी हातात असली की बजेट आपल्या हातात राहतं, चार घ्या, सहा घ्या. इन्सर्ट म्हणजे जुन्या फ्रेमच्या आत नवीन खिडकी बसवणं, स्वस्त पडतं पण काच थोडी लहान होते आणि जुन्या फ्रेमच्या मागची फट तशीच राहते. सडलेलं असेल तिथे फुल-फ्रेमच (जुनी फ्रेमही काढून) करावं, पैसे वाचवू नयेत.

आम्ही उत्तरेच्या दोन फुल-फ्रेम ट्रिपल पेन (तीन काचांच्या) घेतल्या, पश्चिमेच्या दोन इन्सर्ट डबल पेन (दोन काचांच्या), सगळ्या फायबरग्लास फ्रेमच्या, कारण व्हिनाइल स्वस्त असलं तरी थंडी-उन्हात खूप आकसतं-फुगतं आणि इथे उन्हाळा-हिवाळ्यात शंभर डिग्री फॅरनहाइटचा फरक सहज पडतो. ब्रँडवर फार डोकं खपवू नका, अँडरसन आणि मार्व्हिन दोन्ही आपल्या मिनेसोटातलेच आहेत, लेबलवरचा यू-फॅक्टर (खिडकीतून किती उष्णता निसटते त्याचा आकडा) बघा, जितका कमी तितकं चांगलं. आपल्यासारख्या थंड उत्तर विभागासाठी एनर्जी स्टारची (ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंचं सरकारी लेबल) २०२३ पासूनची मुख्य अट ०.२२ किंवा कमी अशी आहे. दक्षिणेकडच्या खिडकीला मात्र सोलर हीट गेनचा (उन्हाची उष्णता किती आत येते त्याचा) आकडा जास्त असलेली काच मागा, हिवाळ्यातलं फुकटचं ऊन कशाला अडवायचं.

चार खिडक्यांचे सगळे मिळून साधारण ८,४०० डॉलर झाले, त्यात ३०० एका सडलेल्या सिलचे. अशा अचानक निघणाऱ्या खर्चासाठी वर १० ते १५ टक्के बाजूला ठेवाच. फेडरल टॅक्स क्रेडिट (३० टक्के, खिडक्यांसाठी वर्षाला जास्तीत जास्त ६००) ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या कामालाच होतं, आता हिशोबात धरू नका.

कामाच्या दिवशी मी घरीच होते. घर १९७८ च्या आधीचं म्हणून लेड पेंटचे (शिसं असलेल्या जुन्या रंगाचे) नियम लागतात, त्यांनी न सांगता जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, दाराला पडदा लावला. उत्तरेच्या खिडकीचं केसिंग (भोवतीची लाकडी पट्टी) काढल्यावर मोठ्या भावाने मला हाक मारली आणि फटीतलं फायबरग्लासचं इन्सुलेशन दाखवलं, मूळचं पिवळं ते चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं काळं झालेलं. म्हणाला, साठ वर्षं यातून वारा गाळून येतोय, ही त्याची धूळ. म्हणजे आम्हाला जी थंडी वाजत होती त्यातली कितीतरी काचेतून नव्हतीच, काचेच्या बाजूने होती! ती फट त्यांनी कमी फुगणाऱ्या फोमने भरली (जास्त फुगणारा फोम फ्रेम वाकवतो), खाली सिल पॅन (आत शिरलेलं पाणी बाहेर काढणारा ट्रे) टाकला, फ्लॅशिंग टेप (पाणी अडवणारी) लावली. हे सगळं केसिंगमागे झाकलं जातं, नंतर कुणाला दिसत नाही, म्हणून बसवताना उभं राहून बघाच.

अर्धा पॉइंट कापला तो दोन गोष्टींसाठी. पश्चिमेच्या एका खिडकीला बाहेरून कॉक (फट बुजवायचा मसाला) लावायचं अर्धवट राहिलं होतं आणि जाळ्या उशिरा आल्या, त्यासाठी बरेच फोन करावे लागले. शेवटी आले, नीट करून गेले, जादा पैसे मागितले नाहीत.

जानेवारीत उणे १८ फॅरनहाइटला उत्तरेच्या काचेवर बर्फ नाही. पश्चिमेच्या डबल पेनला खालच्या कोपऱ्यात थोडा ओलावा येतो, पण त्याचं कारण आपलं स्वयंपाकघरही आहे, कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, घरात वाळत घातलेले कपडे. एवढ्या थंडीत घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, ह्युमिडिफायर कमी करा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर सोडणारा आहे का ते तपासा, बरेचसे हवा परत घरातच सोडतात. सासूबाईंची चादर मात्र खिडकीवरून उतरली.

उरलेल्या सातपैकी हॉलची मोठी पिक्चर विंडो आम्ही बदलणार नाही, तिचाच भाव चार हजारांवर आहे आणि फ्रेम ठणठणीत आहे, तिथे दर नोव्हेंबरला हेअर ड्रायरने ताणायची प्लास्टिक फिल्म पुरते. बेसमेंटच्या बेडरूमची खिडकी पुढच्या वर्षी, कारण ती आगीच्या वेळी बाहेर पडता येईल एवढी मोठी असावी लागते आणि त्यासाठी भिंत कापायची आहे, तो खर्च वेगळाच. कंपनीचं नाव हवं असेल तर मेसेज करा, आणि कुणालाही काम देण्याआधी राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ लेबर अँड इंडस्ट्रीच्या साइटवर लायसन्स नंबर टाकून बघा.